मोजणारा, भरणारा आणि सांगणारा

१९६३ च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभेत आण्यांचा हिशेब झाला. पोटनिवडणूक जिंकून नुकतेच सभागृहात आलेले राममनोहर लोहिया म्हणाले, देशातले २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात. पंतप्रधान नेहरूंच्या बाजूने आकडा आला पंधरा आण्यांचा. नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदांनी साडेसात आणे सांगितले. एकाच सरकारात दुपटीचा फरक, आणि विरोधकाशी पाचपटीचा. तरी यातलं कुणी धादांत खोटं बोलत होतं असं नाही. पंधरा आणे ही साऱ्या देशाची सरासरी होती, आणि सरासरीत गिरणीमालकही येतो आणि त्याच्या गिरणीतला झाडूवालाही. लोहिया बोलत होते ते तळाच्या साठ टक्क्यांबद्दल.

आणे चलनातून गेले, भांडण मात्र चलनात आहे. गरीब कोण आणि किती? सरकारी तिजोरी कुणी भरायची? आणि या दोन्हींबद्दल जे छापून येतं, पडद्यावर दिसतं, त्यावर विसंबायचं किती? या तीन प्रश्नांवर पक्ष, अर्थतज्ज्ञ आणि वाचक वेगवेगळे भांडतात, आणि त्यांचा आढावाही सहसा वेगवेगळा घेतला जातो. इथे ते एकत्र घेतले आहेत, कारण हे तिन्ही वाद शेवटी एकाच जागी अडतात: मोजमाप कुणाच्या हातात आहे आणि ते दुसऱ्याला तपासता येतं का.

रेषा कुठे ओढायची

दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात हिंदुस्थानातल्या माणसाचं वार्षिक उत्पन्न सरासरी २० रुपये असल्याचं मांडलं. एवढ्यात माणूस जगतो का, हे दाखवायला त्यांनी तुरुंगातल्या शिध्याचा आधार घेतला. कैद्याला सरकार जेवढं खायला घालतं तेवढंही रयतेच्या वाट्याला येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. १८८२ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी स्वतःचा हिशेब करून २७ रुपयांचा आकडा काढला. गरिबीचा आकडा हे राज्यकर्त्यांवरचं आरोपपत्र असतं आणि राज्यकर्ते त्याला आकड्यानेच उत्तर देतात, ही रीत तेव्हापासूनची.

स्वातंत्र्यानंतर या वादाला शास्त्रशुद्ध रूप आलं ते पुण्यात. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब, असा त्यांचा निकष. १९६०-६१ च्या किमतींनी ही रेषा खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये येत होती. म्हणजे खेड्यात दिवसाला आठ आणे, शहरात बारा. तरीही खेड्यातले ४० टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक रेषेखाली निघाले.

त्यांना पहिलं मोठं आव्हान मिळालं तेही पुण्यातूनच. अन्न व कृषी संघटनेत काम करून परतलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे म्हणाले, प्रत्येक शरीराची गरज वेगळी असते आणि एकाच माणसाची गरजही रोज बदलते. सरासरी गरजेलाच सीमा मानलं तर धडधाकट माणसंही कुपोषितांत मोजली जातात. त्यांच्या हिशेबाने गरिबांची संख्या बरीच खाली येत होती. विरोधकांचा प्रतिवाद असा, की शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं खरं, पण त्याची किंमत उंची, वजन आणि कामाची ताकद यांतून वसूल करतं. वरवर हा पोषणशास्त्राचा वाद होता, पण त्याच्या निकालावर कोट्यवधी माणसं रेषेच्या आत की बाहेर हे ठरणार होतं.

पुढे प्रश्न विचारण्याची पद्धतही वादात सापडली. गेल्या ३० दिवसांत काय खाल्लं असं विचारलं तर लोक बरंच विसरतात. गेल्या ७ दिवसांचं विचारलं तर खर्च जास्त भरतो. १९९० च्या दशकातल्या प्रायोगिक फेऱ्यांत नुसता हा कालावधी बदलल्याने गरिबांची संख्या जवळपास निम्म्यावर येत होती. एक दाणाही जास्त न पिकवता गरिबी हटवायचा हा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणायला हवा.

२००९ साली सुरेश तेंडुलकर समितीने निव्वळ उष्मांकांचा नाद सोडून शिक्षण आणि आरोग्यावरचा खर्च हिशेबात धरला. त्यामुळे २००४-०५ चं गरिबीचं प्रमाण २७.५ टक्क्यांवरून ३७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे समितीने रेषा वर नेली होती. पण सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं, त्यात शहरात दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये असे आकडे आले, आणि देशभर संतापाची लाट उठली. पुढच्या दोन वर्षांत रेषा महिना माणशी शहरात १००० आणि खेड्यात ८१६ रुपयांवर आली, तेव्हा आयोगाने पाच माणसांच्या कुटुंबाला महिना पाच हजार आणि ४,०८० रुपये असा हिशेब मांडून पाहिला. पण तोवर ‘बत्तीस रुपये’ लोकांच्या तोंडी बसले होते. २०१३ मध्ये काँग्रेसचे राज बब्बर यांनी मुंबईत बारा रुपयांत पोटभर जेवण मिळतं असं सांगितल्यावर तर वाहिन्यांना आठवडाभराचं खाद्य मिळालं. या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली: ही रेषा कोण उपाशी आहे हे मोजायला होती, की रेशन कुणाला द्यायचं हे ठरवायला? महाराष्ट्रात पिवळं, केशरी आणि पांढरं अशी तीन रंगांची रेशनकार्डं आली. पिवळ्या कार्डासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १५ हजारांच्या आत लागायचं. कागदावर तेवढंच उत्पन्न दाखवणारा दाखला तलाठ्याकडून मिळवणं ही गावोगावची वेगळीच विद्या झाली. मोजण्याची रेषा आणि वाटण्याची रेषा एकच केली, की सगळेच ती ओढाताणीत वाकवू पाहतात.

२०१४ मध्ये रंगराजन समितीने शहरात ४७ आणि खेड्यात ३२ रुपये रोज अशी नवी रेषा सुचवली आणि २०११-१२ मधले गरीब २१.९ वरून २९.५ टक्क्यांवर नेले. सरकार तोवर बदललं होतं, पुढे नियोजन आयोग गेला, आणि तो अहवाल तसाच राहिला. २०१७-१८ चं उपभोगखर्चाचं सर्वेक्षण झालं, पण माहितीचा दर्जा नीट नाही असं सांगून सरकारने ते प्रसिद्धच केलं नाही. एका अर्थविषयक दैनिकाने फोडलेल्या अहवालानुसार माणशी खर्च घटलेला दिसत होता. माहिती खरोखर सदोष असेल तर तिच्यातले दोष दाखवून ती अभ्यासकांपुढे ठेवता आली असती. झाकल्यामुळे दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचा अंदाज बांधायची मुभा मिळाली.

आजचं चित्र असं आहे. नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकानुसार २०१३-१४ मधली २९.१७ टक्के गरिबी २०२२-२३ मध्ये ११.२८ टक्क्यांवर आली आणि २४.८२ कोटी लोक गरिबीतून बाहेर पडले. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये क्रयशक्तीच्या हिशेबाने रोज तीन डॉलरची नवी रेषा धरली, तिच्याखाली ५.३ टक्के भारतीय येतात. ४.२० डॉलरची रेषा धरली की हेच प्रमाण २४ टक्क्यांच्या घरात जातं. दुसरीकडे अन्नसुरक्षा कायद्याखाली सुमारे ८१ कोटी लोकांना मोफत धान्य द्यायची व्यवस्था जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षांसाठी कायम झाली. सरकारचे टीकाकार विचारतात, गरिबी पाच टक्के असेल तर मोफत धान्य निम्म्याहून अधिक देशाला का? समर्थकांचं उत्तर असं, की धान्य मिळतं म्हणूनच लोक रेषेच्या वर राहिलेत. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. रेषेच्या जेमतेम वर तरंगणारा माणूस एका आजारपणाने किंवा एका कोरड्या हंगामाने खाली जातो, आणि त्याची गणना कुठल्याच टक्केवारीत नीट होत नाही.

कुणाच्या खिशातून

दांडेकर आणि रथ गरीब मोजून थांबले नव्हते. ग्रामीण भागात सार्वजनिक कामं काढा आणि त्यासाठीचा पैसा वरच्या स्तरातल्या दहा टक्क्यांच्या उपभोगाला कात्री लावून उभा करा, असं त्यांनी सुचवलं. गरिबीच्या चर्चेचं दुसरं टोक कराला बांधलेलं असतं ते असं.

भारताने हा मार्ग कागदावर तरी चोखाळून पाहिला. १९५३ मध्ये मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर इस्टेट ड्युटी आली. अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांच्या शिफारशींनंतर १९५७ मध्ये संपत्तीकर आणि खर्चकर, १९५८ मध्ये देणगीकर आला. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर पोचला. शंभरातले सव्वादोन रुपये घरी न्यायचे असतील तर शंभर रुपये दाखवणार कोण? दर चढले तसा काळा पैसाही चढला. १९८५ मध्ये इस्टेट ड्युटी गेली, १९९८ मध्ये देणगीकर, आणि २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्तीकर. शेवटच्या काळात संपत्तीकरातून अख्ख्या देशात वर्षाला जेमतेम हजार कोटी रुपये जमत होते.

यातून उजवीकडचे अर्थतज्ज्ञ धडा घेतात, की श्रीमंतांवर जबर कर लावले तर पैसा लपतो किंवा पळतो. दर माफक ठेवा आणि पाया रुंद करा. डावीकडचे म्हणतात, करात पळवाटा ठेवल्या, वसुली ढिली ठेवली आणि मग कर निरुपयोगी म्हणून रद्द केले. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा होता. या अंदाजांतल्या गृहीतकांवर मतभेद आहेत. तरी वाद शांतपणे व्हायला हरकत नव्हती. पण एप्रिल २०२४ मध्ये ऐन लोकसभा प्रचारात, काँग्रेस तुमचं मंगळसूत्रही काढून घेईल अशी भाषणं सुरू असतानाच, काँग्रेसचे सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतल्या वारसाकराचा उल्लेख केला आणि शांत चर्चेची शक्यता संपली. काँग्रेसने हात झटकले, भाजपने सभा गाजवल्या, आणि एकेकाळी या देशात ३२ वर्षं वारसाहक्कावर कर होता ही गोष्ट बहुतेक मतदारांपर्यंत पोचलीच नाही.

मधल्या वर्गाची तक्रार वेगळी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला गेला. सरकारने स्वतःच त्यात वर्षाला १.४५ लाख कोटी रुपये सोडावे लागतील असं सांगितलं. २०२३-२४ मध्ये कंपन्यांकडून सुमारे ९.१ लाख कोटी आणि व्यक्तींकडून सुमारे १०.४ लाख कोटी रुपये प्रत्यक्ष कर जमा झाला. पगारदाराला वाटतं, कंपनी सुटली आणि मी सापडलो. माझा कर तर पगार हातात यायच्या आधीच कापला जातो. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं, त्यामागे हीच नाराजी होती. पण या सवलतीने आधीच मोजके असलेले प्रत्यक्ष करदाते आणखी कमी होतात, हेही तितकंच खरं.

‘देशात मूठभर लोकच कर भरतात’ हे वाक्य आपण लग्नाच्या पंगतीपासून वाहिनीच्या चर्चेपर्यंत ऐकतो. ते फक्त प्राप्तिकराबद्दल खरं आहे. साबण, बिस्कीट, मोबाइलचं रिचार्ज यांवर कर भरत नाही असा माणूस या देशात नाही. जुलै २०२२ मध्ये पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदूळ, पीठ आणि दह्यावर ५ टक्के जीएसटी आला तेव्हा हे अनेकांना पहिल्यांदा जाणवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे मुख्य दर ५ आणि १८ टक्के असे दोनवर आले, पनीर-पोळीसारख्या काही वस्तू करमुक्त झाल्या. तरी अप्रत्यक्ष कराचा स्वभाव बदलत नाही: एकाच पुड्यावर मालक आणि मोलकरीण सारखाच कर भरतात, पण दोघांच्या कमाईतला त्याचा वाटा सारखा नसतो.

शेतीउत्पन्नावर केंद्राला कर लावता येत नाही. राज्यघटनेने तो विषय राज्यांकडे ठेवला आहे. बागायतदार आणि शेतीच्या नावावर पैसा फिरवणारे शहरी लोक या पडद्याआड लपतात, हा आक्षेप जुना आणि बराचसा रास्त. पण महाराष्ट्रात या प्रश्नाला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी उलटं उत्तर दिलं होतं. शेतमालाचे भाव मुद्दाम पाडून सरकार शेतकऱ्याकडून न दिसणारा कर कधीचाच वसूल करतं, त्याची सबसिडी उणे आहे, हे त्यांचं म्हणणं. पुढे आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या अभ्यासानेही २००० ते २०१६ या काळात भारतीय शेतकऱ्यावर सरासरी १४ टक्क्यांचा अप्रत्यक्ष बोजा पडल्याचं मांडलं.

राज्याराज्यांतही हेच भांडण आहे. देशातल्या प्रत्यक्ष करांपैकी एक तृतीयांशाहून अधिक महाराष्ट्रात जमा होतो; पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांच्या वाट्यातले ६.३ टक्के महाराष्ट्राला आणि जवळपास १८ टक्के उत्तर प्रदेशाला मिळाले. हा अन्याय आहे म्हणताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. कंपन्यांची मुख्यालयं मुंबईत म्हणून कर मुंबईत भरला जातो, कमाई देशभरातून येते. आणि मुंबईने दिल्लीला जो सवाल करायचा तोच विदर्भ-मराठवाडा मुंबईला करतात. १९८४ मध्ये त्या भागांच्या विकासातल्या अनुशेषाचा हिशेब मांडणाऱ्या समितीचे अध्यक्षही दांडेकरच होते.

कर आणि गरिबी यांची सर्वांत सरळ गाठ पडलेली दिसते ती महाराष्ट्रातल्या पगाराच्या पावतीवर. महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये ‘व्यवसाय कर’ म्हणून कापलेले असतात. वर्षाचे अडीच हजार, म्हणजे घटनेने घातलेली कमाल मर्यादा. १९७५ चा हा कर आला तो रोजगार हमी योजनेसाठी. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात त्याचं मोल कळलं, १९७७ मध्ये कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, असा हा स्पष्ट करार होता, आणि विधिमंडळात त्याला सर्वपक्षीय पाठिंबा मिळाला. आज ही कपात पाहणाऱ्यांपैकी किती जणांना तिचं मूळ ठाऊक आहे? कर कशासाठी हे विसरलं गेलं, की त्याचं ओझं तेवढं उरतं.

सांगणाऱ्यावर किती विसंबायचं

१८९६ च्या दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून सरकारचीच दुष्काळ संहिता रयतेला समजावून सांगितली. पीक बुडालं असेल तर सारा माफ किंवा तहकूब व्हायला हवा, हा कायद्याने दिलेला हक्क आहे. गुरंढोरं विकून सारा भरू नका. सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते ठाणे-कुलाब्याच्या गावांत हाच मजकूर घेऊन फिरले. सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. गरिबी, कर आणि वृत्तपत्र या तिन्हींचा इतका नेमका संगम मराठी पत्रकारितेत पुन्हा क्वचितच झाला. अर्थात त्याच्या आधीच महात्मा फुले विचारून गेले होते, की शेतकऱ्याच्या कैवाराची भाषा करणाऱ्या भटा-ब्राह्मणांच्या पत्रांत शेतकऱ्याचा आवाज असतो का. सांगणारा कुणाचा, हा प्रश्नही तेव्हापासूनचा.

एकविसाव्या शतकात तो बाजाराच्या अंगाने समोर आला. २००६ मध्ये विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्या टिपेला असताना मुंबईतल्या फॅशन सप्ताहाला पाचशेहून अधिक पत्रकार होते आणि विदर्भात बाहेरून आलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, हे पत्रकार पी. साईनाथ यांचं निरीक्षण गाजलं. कुणी बातमी दाबली होती असं नव्हे. फॅशनच्या पानांना जाहिराती मिळतात, कापसाच्या पानांना मिळत नाहीत. वाचक मोजक्या रुपयांत अंक घेतो, त्याचा खर्च त्याहून कितीतरी जास्त असतो, आणि मधली दरी जाहिरातदार भरतो. त्यात सरकारही एक मोठा जाहिरातदार. वाहिन्यांचं आणखी वेगळं. मराठी-हिंदी बातम्यांच्या धंद्यात राजकीय घराणी आधीपासून होती, पुढे मोठे उद्योगसमूह आले.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत या व्यवस्थेची शिवण उसवली. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं कौतुक करणारा एकच मजकूर एकमेकांच्या कट्टर स्पर्धक मराठी दैनिकांत शब्दशः छापून आला, वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावाने. दोन बातमीदारांना एकच विशेषण सुचू शकतं, एकच परिच्छेद सुचत नाही. वृत्तपत्रीय जाहिरातींवरचा दाखवलेला खर्च होता ५,३७९ रुपये. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने खर्चाचा हिशेब नीट दिला नाही असा ठपका ठेवला. दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पण व्यक्तीपेक्षा पद्धत महत्त्वाची होती. पैसे घेऊन बातमी देण्यात पक्षभेद नव्हता. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये नावानिशी अहवाल लिहिला, आणि तो पूर्ण रूपात बाहेर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला. बातम्यांच्या विश्वासार्हतेवरचा अहवालच वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने दडवावा, याहून बोलकं काय असणार?

रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीत एकूण बातम्यांवर विश्वास असल्याचं ४१ टक्के भारतीयांनी सांगितलं. हा नमुना मुख्यतः इंग्रजी वाचणाऱ्या, इंटरनेट वापरणाऱ्यांचा आहे, गावातल्या वाचकाचा नाही. अविश्वासाची कारणंही एकसारखी नाहीत. एका बाजूला माध्यमं सरकारची भाट झाली असं वाटतं, दुसरीला ती डाव्या उच्चभ्रूंच्या ताब्यात आहेत असं. दोघेही मग व्हॉट्सॲपवर आपल्या गटाच्या बातमीकडे वळतात, जिथे संपादकही नसतो आणि दुरुस्तीही.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. जुलै २०२५ मध्ये पत्र सूचना कार्यालयाने जागतिक बँकेच्या माहितीचा आधार देत जाहीर केलं, की विषमता मोजणाऱ्या जिनी गुणांकात २५.५ वर असलेला भारत जगातला चौथा सर्वांत समान देश आहे. अनेक ठिकाणी हाच मथळा झाला. पण हा गुणांक उपभोगखर्चाचा. रांगेतल्या बऱ्याच देशांचा उत्पन्नाचा. श्रीमंत माणूस कमावतो त्यातलं बरंचसं साठवतो, खर्च करत नाही, म्हणून खर्चातली विषमता नेहमीच कमी दिसते. शिवाय माहितीच्या मर्यादांमुळे विषमता कमी मोजली गेली असू शकते, असा इशारा बँकेने आपल्या टिपणात दिलाच होता. विरोधकांनी मग उत्पन्नाचा गुणांक पुढे करून भारताला सर्वांत विषम देशांत नेऊन बसवलं. दोन्ही मथळे छापले गेले. खर्च आणि उत्पन्न यांतला फरक समजावणारी चार वाक्यं मात्र थोड्यांनीच छापली. लोहिया-नेहरूंचा वाद सरासरीवरून होता, हा निर्देशांकावरून. मधल्या साठ वर्षांत वाचकाला हिशेब वाचायला शिकवण्याचं काम फारसं पुढे गेलेलं नाही.

तिन्ही वाद एकाच ठिकाणी

लासलगावच्या बाजार समितीत लिलावाच्या रांगेत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरजवळ गेलं की हे तिन्ही वाद एकत्र भेटतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ऐन निवडणुकीत ती उठली आणि शुल्क मात्र राहिलं. शहरी गरिबाच्या ताटाचा विचार केला तर भाव आटोक्यात ठेवणं हे गरिबीविरोधी धोरण. नाशिकच्या दोन-तीन एकरवाल्याच्या दृष्टीने तोच कर, आणि तोही पावती न मिळणारा. कुणी नुकसान सोसायचं हे संसदेत ठरलं नाही, एका अधिसूचनेने ठरलं. आणि वाहिन्यांवर ‘कांदा रडवणार’ हे भाव चढल्यावर येतं. तोच कांदा किलोला दोन-चार रुपयांवर आला की ती जिल्हा पानावरची चौकट होते. ग्राहक वाहिनी पाहतो, शेतकरीही पाहतो, पण जाहिरातदाराला हवा असतो ग्राहक.

दुसरं ठिकाण लाडकी बहीण योजना. जून २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात २१ ते ६० (पुढे ६५) वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना महिना १,५०० रुपये जाहीर झाले. ‘रेवडी संस्कृती’वर टीका करणारा पक्ष सत्तेत होता, टीका करणाऱ्या विरोधकांनी आपल्या जाहीरनाम्यात तीन हजार लिहिले. सत्ताधाऱ्यांनी २,१०० म्हटलं. निवडणूक झाली, मग छाननी सुरू झाली. जून २०२५ पासून २६ लाखांहून अधिक खात्यांचे हप्ते थांबवले गेले आणि चौदा हजारांहून अधिक पुरुषांच्या खात्यांत पैसे गेल्याचं उघड झालं.

या योजनेवर दोन्हीकडचे मुद्दे वजनदार आहेत. घरकामाचा, शेतातल्या राबण्याचा मोबदला न मिळालेल्या बाईच्या हातात स्वतःचे दीड हजार येणं ही साधी गोष्ट नाही. त्या पैशांना ‘फुकट’ म्हणणाऱ्याने कंपन्यांना सोडलेल्या कराचं नावही तेवढ्याच मोठ्याने घ्यावं. त्याच वेळी, वर्षाला हजारो कोटी रुपये कुठल्या खात्यातून वळवले, कुठली कामं लांबली, हे कुणी सांगत नसेल तर ती योजना रोजगार हमीसारखी करारावर उभी राहत नाही, मर्जीवर राहते. व्यवसाय कराने नोकरदाराला सांगितलं होतं, तुझ्या दोनशे रुपयांचं काय होणार. इथे देणारा कोण हे फ्लेक्सवरच्या फोटोत दिसतं, भरणारा कोण हे कुठेच नाही.

एकमत कशावर होऊ शकतं

या सगळ्या वादांत कोण बरोबर, याचा एकच निकाल लागणार नाही आणि लागूही नये. रेषा कुठे ओढायची, श्रीमंताने किती भरायचं, हे शेवटी समाजाने ठरवायचे मूल्यांचे प्रश्न आहेत. वाढीवर भर देणारे जगदीश भगवती-अरविंद पानगढिया आणि शिक्षण-आरोग्यावर सरकारी खर्च आधी मागणारे अमर्त्य सेन-जाँ द्रेझ यांच्यातला २०१३ चा वाद जाहीर आणि कडवट झाला, तरी दोन्ही बाजू एकाच सर्वेक्षणाच्या आकड्यांवर उभ्या होत्या. म्हणून तो वाद वाचकाला काही शिकवून गेला. आकडेच दडले, किंवा ज्याचे त्याचे वेगळे झाले, की उरते ती नुसती हमरीतुमरी.

त्यामुळे मतं न बदलताही सर्वांनी मान्य करावं असं बरंच काही आहे. उपभोगखर्चाचं सर्वेक्षण ठरलेल्या वेळी झालंच पाहिजे आणि आवडो न आवडो, कच्च्या माहितीसह बाहेर आलं पाहिजे. पद्धत बदलली तर जुन्या पद्धतीचा आकडा शेजारी द्यावा. २०२२-२३ पासून भेटींची आणि प्रश्नावलीची रचना बदलल्याने २०११-१२ शी थेट तुलना अवघड झाली, ती चूक पुन्हा नको. केंद्र सरकार २००६-०७ पासून करसवलतींमुळे सोडलेल्या महसुलाचं विवरण अर्थसंकल्पासोबत देतं. राज्यांनीही तसं द्यावं, आणि ते अनुदानांच्या रकान्याशेजारी छापावं, म्हणजे ‘फुकट’ कुणाला किती मिळतं हे एका नजरेत दिसेल. निर्यातबंदीसारख्या अधिसूचनेबरोबर तिचा बोजा कुणावर किती, याचा अंदाज द्यावा. आणि प्रत्येक वृत्तपत्राने, वाहिनीने वर्षातून एकदा आपली मालकी आणि सरकारी जाहिरातींचं उत्पन्न आपल्याच पहिल्या पानावर, पडद्यावर मांडावं. त्याने कुणी लगेच निःपक्षपाती होणार नाही. पण वाचकाला आपण कुणाचं ऐकतोय हे कळेल, आणि त्या मानाने काय वजा करायचं ते तो करेल.

यातली एकही गोष्ट खर्चिक नाही. त्या होत नाहीत, कारण धूसर आकड्याचा फायदा सत्तेवर असलेल्याला आज होतो आणि विरोधातला उद्याच्या आशेवर गप्प बसतो. म्हणून ही मागणी पक्षांकडून वर येणार नाही. ती करदात्याने, रेशनकार्डधारकाने आणि वाचकाने करायची आहे, आणि बहुतेक घरांत ही तिन्ही माणसं एकच असतात.